दूध कुणी नेलं

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धड आहेत आणि ठकी बाळसं धरतेय. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. फोन बाहेरच्या खोलीत, आणि बाहेरच्या खोलीत दिवसभर अक्का.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नात तू तिला पाहिलंस, कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होती ती. छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायची. ठकी झाली त्यानंतर थोड्याच दिवसांत हे तिला घेऊन आले. हे पुलाच्या कामावर गेले की पंधरवड्याने उगवतात, तेव्हा घरात मदतीला कुणीतरी हवंच होतं, हे मलाही कबूल आहे. पण ताई, मदत आणि ताबा यात फरक असतो.

ठकीने नुसतं तोंड वाकडं केलं की ही हजर. माझ्या हातातून घेते आणि वर म्हणते, "तुम्ही पडा वहिनी." मी पडते. पडल्यावर बाहेरून तिचं गुणगुणणं ऐकू येतं आणि माझी मुलगी माझ्याशिवाय गप्प होते. मी घेतलं की किंचाळते, तिने घेतलं की विरघळते. परवा शेजारीण आली, ती अक्कालाच म्हणाली, तुमची मुलगी फार गोड आहे. अक्काने नाही म्हटलं नाही. नुसती हसली.

आणखी एक. ती म्हणाली होती, छापखान्यातून रजा काढून आलेय. मला राहवेना म्हणून ती बाजारात गेल्यावर मी छापखान्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, त्या नोकरी सोडून गेल्या. म्हणजे परत जायचा विचारच नाही. मग रजा म्हणून का सांगितलं?

तिला लग्नानंतर एक मूल झालं होतं, ते जगलं नाही. पुढे नवराही गेला. एवढंच हे सांगतात. त्यावर त्यांच्या घरात कुणी बोलत नाही.

आता मनातलं सांगते. मला दूध होतं ताई. चांगलं होतं. ती आली आणि आटलं. आता ठकी डब्याच्या दुधावर आहे. हसू नकोस. तू जनावरांची डॉक्टर, तुझा जन्म माद्या आणि पिल्लांमध्ये चाललाय. एकीचं पिल्लू दुसरी बळकावते, असं तुझ्याकडे होतं का? खरं ते लिही, आईसारखी समजूत घालू नकोस.

तुझी,
चिंगी

ता. २० फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

तुझं पत्र वजनकाट्याशेजारी बसून वाचलं. एका हातात उकडलेल्या अंड्याचा तुकडा होता. तो दाखवल्याशिवाय आमची मंडळी काट्यावर चढत नाहीत.

आधी माझं रडगाणं. मला तुझ्याकडे येता येत नाही, ते अजून काही दिवस चालणार. कुंपणातल्या दोन मीरकॅटांना क्षय निघाला. मी त्यांना रोज हाताळलंय, त्यामुळे माझ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जायला मला मनाई आहे. भाची झाली आणि मावशीने तिला फोटोत पाहिलं. असो.

आता तुझा प्रश्न. मीरकॅट म्हणजे मुंगसाची चुलत भावंडं, मागच्या पायांवर उभी राहून पहारा देणारी. त्यांच्या टोळीत पिल्लं होतात ती जवळजवळ सगळी एकाच मादीची. आमच्या टोळीतल्या तिला आम्ही 'मोठ्या बाई' म्हणतो. बाकीच्यांनी तिची पिल्लं राखायची, भरवायची, बिळापाशी उपाशी बसून पहारा द्यायचा. माणसं म्हणतात, किती गुणाची जनावरं. मी म्हणते, इतकी वर्षं रक्त तपासल्यावर गुण कुठे संपतो आणि हार्मोन कुठे सुरू होतं ते मला सांगता येत नाही. प्रोलॅक्टिन नावाचं एक हार्मोन आहे, आईला दूध आणणारं. पिल्लं वागवणाऱ्या काही प्राण्यांमध्ये ते नरांच्या रक्तातही वाढलेलं सापडलंय. आणि आमच्याकडे कानतुटी नावाची एक मादी आहे. स्वतःचं पिल्लू नाही, तरी तिला दूध आलं आणि मोठ्या बाईंची पिल्लं तिला लुचतात.

ही झाली गोड बाजू. तू खरं विचारलंस म्हणून दुसरीही लिहिते. हीच मदतनीस मादी स्वतः गाभण राहिली तर दुसरीची पिल्लं मारूनही टाकते. म्हणून मोठ्या बाईंना दिवस गेले की त्या इतर माद्यांना चावून चावून टोळीबाहेर काढतात. मीरकॅटांत भरवसा नावाची गोष्ट ऋतूप्रमाणे बदलते.

आता याचा अर्थ तुझी नणंद पिल्लू पळवणार असा नव्हे. पण लपवाछपवी मलाही आवडली नाही. रजा म्हणायचं आणि नोकरी सोडायची, हे कशासाठी? लग्नात ती मला फार गोड वाटली होती आणि फार गोड माणसांचा मला अंदाज येत नाही. भांडू नकोस. नजर ठेव.

आणि हो, बाळंतपण कसं झालं ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. सगळं झाल्यावर कळवलंत तुम्ही. का?

तुझी,
ताई

ता. २ मार्च

प्रिय ताई,

तू म्हणालीस नजर ठेव. ठेवली. आता काय करू ते सांग.

काल दुपारी मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन येते. पिशवी घेतली, दार ओढलं आणि खालच्या मजल्यावर शिंपिणीकडे जाऊन बसले. तिची शिवणाची खोली आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे. वरून ठकीचं रडणं आलं, मग एकदम थांबलं. डब्याचं दूध कालवायलाही वेळ लागतो ना? ते एका क्षणात थांबलं. मी चप्पल हातात घेऊन वर गेले, किल्लीने दार उघडलं. अक्का खिडकीपाशी स्टुलावर बसली होती, दाराकडे पाठ करून. तिच्या कोपराखालून ठकीचे पाय दिसत होते. पायाची बोटं पसरलेली, मिटलेली, परत पसरलेली. आणि चुटुचुटु आवाज.

मी तशीच मागे फिरले. परत शिंपिणीकडे जाऊन बसले, ती म्हणाली, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. संध्याकाळी धुण्यात अक्काचं पोलकं शोधलं. पुढच्या बाजूला वाळून कडक झालेला डाग होता. मी हुंगलं, ताई. दूधच होतं.

म्हणजे तुझी कानतुटी माझ्या घरात आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे मांजरच पाजतंय. मला आटलं आणि तिला आलं, यात संबंध नाही असं मला कुणी सांगू नये.

मला आता दुसराच संशय आहे. ती मला रोज गरम दूध देते, "अंगात ताकद येईल" म्हणून समोर उभी राहून पाजते. त्या दुधात काहीतरी आहे. मला दिवसाढवळ्या झोप आवरत नाही. बाहेर लोक पंखे लावून बसलेत आणि मी शाल पांघरून. उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. केस विंचरले की कंगवा भरतो. मी अशी नव्हते. आता मी तो पेला हातात घेते, ती वळली की मोरीत ओतते. तिने शिजवलेलंही खात नाही. पाव किंवा बिस्किटं खाते, तीही जात नाहीत.

ह्यांना सांगितलं नाही. ते म्हणतील, अक्का आणि असं करेल? त्यांच्यासाठी अक्का म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची. तूच काय ते सांग.

चिंगी

ता. ९ मार्च

प्रिय चिंगे,

आधी एक ऐक. उपाशी राहायचं नाही. तिच्या हातचं नको असेल तर स्वतः शिजव, नाहीतर शिंपिणीला पैसे देऊन तिच्याकडे जेव. पण जेव.

आता दुधाचं. असं होतं. मूल ओढायला लागलं की मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, पिट्युटरी, ती प्रोलॅक्टिन सोडते आणि दूध येतं. पूर्वी कधी मूल झालेल्या बाईला तर जास्तच सहज. ते यायला दुसऱ्या कुणाचं दूध चोरावं लागत नाही. तिचं तिला, तुझं तुला. तेव्हा 'तिने माझं नेलं' हे डोक्यातून काढ.

पण तुला न विचारता, तुझ्या पाठीमागे तिने हे केलं, त्याचा मलाही राग आलाय. चोरून केलेल्या चांगल्या गोष्टीतही पाल चुकचुकतेच.

एक मला जुळत नाही. चांगलं वाहतं दूध असं कुणी पेल्यात काही घालून सहज आटवू शकत नाही. तेव्हा नीट आठवून लिही. तुझं दूध आधी किती होतं? आटलं ते एकदम की हळूहळू? लाजू नकोस, मी डॉक्टर म्हणून विचारतेय. माणसांची नसले तरी.

ताई

ता. १५ मार्च

आदरणीय ताई यांस सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. आपण मला सरळ विचारलंत ते बरं केलंत. आमच्या घरात सरळ विचारायची पद्धत नाही, त्यामुळे उत्तर द्यायचीही सवय राहिलेली नाही. चुकलं तर समजून घ्या.

होय, मी ठकीला अंगावर घेते. सुरुवात मी ठरवून केली नाही. आले तेव्हा ती दिवसभर रडायची आणि बाटली तोंडात धरायची नाही. एकदा काही केल्या थांबेना, तेव्हा मी नुसती उगी करायला जवळ घेतली. तिने धरलं आणि झोपली. मग रोजच. काही दिवसांनी पोलकं ओलं झालं. मला वाटलं, मला काही रोग झाला. नंतर कळलं काय ते. इतक्या वर्षांनी. वहिनींना सांगायला हवं होतं. रोज ठरवायची आणि रोज त्यांचा चेहरा बघून गप्प बसायची. कारण त्यांना स्वतःला आलं नाही ना.

आपण लिहिलंत की त्यांचं दूध मी आल्यावर आटलं. ताई, त्यांना दूध आलंच नव्हतं. थेंबही नाही. दवाखान्यातल्या बाईंनी सगळं करून पाहिलं. वहिनी तेव्हा फार रडल्या आणि हे कुणाला सांगायचं नाही म्हणाल्या. आपल्याला तर नाहीच.

बाळंतपणाचंही आपल्याला कळवलेलं नाही असं दिसतं. वार पडल्यावर रक्त थांबेना. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. त्या बेशुद्धीत होत्या. माझा भाऊ मला फोनवर बोलता बोलता रडला, तो लहानपणीही रडत नसे. तेव्हा मी छापखान्यात रजा मागितली. ते म्हणाले, मिळणार नाही. म्हणून सोडली. वहिनींना ओझं वाटू नये यासाठी रजा आहे असं सांगितलं.

आता मला खरी काळजी आहे ती त्यांची. त्या दिवसेंदिवस विझत चालल्यात. सारख्या कुडकुडतात. बोलणं संथ झालंय, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. भुवयासुद्धा विरळ झाल्यात. पाळी परत आलेली नाही. मी दिलेलं दूध त्या मोरीत ओततात, मला माहीत आहे, वास येतो. मी काही म्हणत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, तुम्हाला मी घरातून जायला हवीय.

मी जाऊ का, ते आपण सांगा. पण मी गेले तर यांच्याकडे कोण बघेल, तेही सांगा.

आपली नम्र,
अक्का

ता. १९ मार्च

अक्कांना नमस्कार.

जाऊ नका. काहीही झालं तरी जाऊ नका.

तुमचं पत्र वाचून मी डोकं धरून बसले. चिंगीने मला दूध आटलं म्हणून सांगितलं आणि मी साप साप म्हणून भुई धोपटत राहिले. आलंच नव्हतं म्हटल्यावर सगळा हिशोबच बदलतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला तर कधी कधी मेंदूखालच्या त्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा भाग मरतो. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, थंडी वाजते, केस गळतात, ताकद जाते. ही गोष्ट बरेचदा उशिरा कळते, कारण लोक म्हणतात, बाळंतीण आहे, थकलीय. अशा माणसाला साधा ताप आला किंवा उपास घडला तरी जिवावर बेतू शकतं. मी माणसांची डॉक्टर नाही, माझी शंका चुकीची निघो. पण रक्त तपासल्याशिवाय राहायचं नाही.

मी चिंगीला फोन केला. तिने उचलला, ठीक आहे म्हणाली आणि ठेवला. तुमच्या भावाच्या कामावर निरोप ठेवलाय. तुम्ही सोबतचा कागद डॉक्टरांना दाखवा, त्यात कुठल्या तपासण्या ते लिहिलंय. चिंगी यायला तयार नसेल तर ठकीला दाखवायचं निमित्त करा.

मी तुमच्याविषयी तिला जे लिहिलं, ते आता लिहिलं नसतं.

ताई

ता. २३ मार्च

ताई,

तुझं अक्षर मी झोपेतही ओळखेन. पाकीट माझ्या घरच्या पत्त्यावर, आणि नाव अक्काचं. तिने ते पोटाशी लपवलं तेव्हाच मला दिसलं. म्हणजे तुम्ही दोघी माझ्यामागे एकमेकींना लिहिताय. तिने काय काय सांगितलं तुला? मी वेडी झालेय? माझ्या हातात मूल सुरक्षित नाही?

मी तिला वाचून दाखव म्हटलं. ती म्हणाली, आधी डॉक्टरकडे चला, मग सगळं वाचून दाखवते. बघ. आधी डॉक्टर, मग कागद, मग सही, आणि ठकी तिची. मला सगळं दिसतंय.

आज सकाळी तिला घालवलं. पिशवी मीच भरली. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "ठकीची बाटली उकळलेली आहे, खिडकीत ठेवलीय." मी दार लावून घेतलं. ह्यांना काय सांगायचं ते मी बघेन.

तूच लिहिलं होतंस, मोठ्या बाई बाकीच्यांना हाकलतात म्हणून. आज मला त्या मादीचं मन कळलं. तिला कुणी विचारत नसेल, तुला कसली भीती वाटते.

जिना उतरून पेटीपर्यंत जायची ताकद नाही. अंग तापलंय, घोटभर पाणीही ठरत नाही. पत्र खाली शिंपिणीच्या टोपलीत दोरीने सोडते, ती टाकेल. तू येऊ नकोस. पत्रही नको.

ता. २६ मार्च

आदरणीय ताई यांस सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर धड बोलता आलं नाही, मागे रांग होती. वहिनी आता शुद्धीवर आहेत. आपण नेमकं काय झालं ते विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांनी मला बाहेर काढलं तेव्हा मी गावी जाणाऱ्या गाडीची चौकशी केली आणि परत येऊन शिंपिणीकडे बसले. गेले नाही. आपण जाऊ नका असं लिहिलं होतंत, आणि माझेही पाय निघाले नसते. त्यांचं पत्र टोपलीतून आलं, ते मीच पेटीत टाकलं. वरून ठकीचा आवाज अधूनमधून यायचा, पावलं वाजायची. म्हटलं, राग निवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ठकी रडत होती आणि पावलं वाजत नव्हती. आईचं रडणाऱ्या मुलाकडे जाणं वरच्या फळ्यांवर ऐकू येतं. ते येत नव्हतं. मी वर जाऊन दार ठोकलं, हाका मारल्या. आतून कडी. शिंपिणीचा नवरा सुतारकाम करतो, त्याने पटाशी घालून कडी काढली. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. अंग गार, घामाने भिजलेलं, हाक मारली तर डोळे फिरवायच्या पण ओळख नाही. ठकी पाळण्यात होती, भुकेली आणि ओली, बाकी सुखरूप. तिच्या अंगाभोवती वहिनींनी उशा रचल्या होत्या आणि पाळण्याला तिच्या तोंडाशी येईल अशी बाटली बांधली होती. स्वतःला उभं राहवत नसताना कधी केलं असेल कोण जाणे.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. अशक्तपणा आणि ताप, सलाईन लावू म्हणाले. मी आपला कागद पुढे केला. त्यांनी वाचला, मला दोनदा विचारलं, दूध आलंच नव्हतं का, रक्त किती गेलं होतं. मग मोठ्या बाईंना बोलावून आणलं, म्हणजे त्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना. त्यांनी रक्त काढून घेतलं आणि अहवालाची वाट न बघता शिरेतून औषध दिलं. साखर फार खाली गेली होती. दुपारपर्यंत वहिनींनी डोळे उघडून विचारलं, "ठकी कुठाय?" मी म्हटलं, माझ्याजवळ आहे. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

अहवाल आले. आपली शंका खरी निघाली. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, पण घेतल्या तर सगळं धड राहील, असं त्या बाई म्हणाल्या. माझा भाऊ आला आहे. तो वहिनींजवळ थांबतो, ठकी माझ्याजवळ शिंपिणीकडे आहे. मी तिला बाटलीवरच ठेवलंय. आता अंगावर घेत नाही.

आपली नम्र,
अक्का

ता. ३० मे

प्रिय ताई,

पत्र नको म्हणून मीच लिहिलं होतं आणि आता मीच लिहितेय. तुझ्या तपासण्या संपल्या, तू येऊन गेलीस, ठकीने तुझा चष्मा मोडला, हे सगळं झालं. तू होतीस तेव्हा मी हसत होते. पण एक गोष्ट तुझ्यासमोर बोलले नाही आणि तूही विचारलं नाहीस. ती लिहायची आहे.

माझी तब्येत म्हणशील तर मला मी परत मिळालेय. गोळ्या सुरू झाल्यावर एक दिवस शाल काढून ठेवली, ती परत घेतली नाही. आवाज परत आला. जिना चढते. दूध मात्र येणार नाही, ते दार बंद झालं असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. त्या म्हणाल्या, "यात तुमचा दोष नाही आणि दुसऱ्या कुणाचाही नाही." दुसऱ्या कुणाचा, हे त्यांना मी काही न सांगता कसं कळलं कुणास ठाऊक. बहुतेक सगळ्याजणी तेच विचारत असतील.

तू पाहिलंसच, अक्का अजून खालीच राहते, शिंपिणीकडे. काजं-बटणं करून देते. सकाळी दारापर्यंत यायची, धुणं घेऊन जायची, ठकीला न्यायचं का विचारायची, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. हे तिला म्हणाले, अक्का, पुरे आता. ती म्हणाली, "ज्यांनी जा म्हटलं त्यांनी या म्हणायला हवं." रुसून नव्हे, नियम सांगावा तसं. आणि ताई, माझ्या तोंडातून या निघत नव्हतं. रोज वाटायचं आज म्हणू. जिने माझा जीव वाचवला तिला मी दारात उभी ठेवत होते. कारण खरं सांगू? ती बरोबर होती हे मला आवडलेलं नव्हतं. आणि मीही अगदीच चूक नव्हते. ती पाजत होती. मला दिसलं ते खरंच दिसलं होतं.

गेल्या आठवड्यात मी खाली गेले. ती काजं करत बसली होती. मी म्हटलं, "वर या."

"ठकी रडतेय का?"

"नाही, झोपलीय."

"मग?"

शिंपीण शहाणी, कापड आणायचं निमित्त काढून उठून गेली. मी विचारलं, "तुमचं दूध गेलं का?"

तिने सुई कापडात खोचून ठेवली. म्हणाली, "जात आलंय. मी बंद केलं. दुखलं थोडे दिवस."

"का बंद केलंत?"

"तुम्हाला विचारलं नव्हतं."

मग ती आपणहून बोलली. तिचं बाळ गेलं तेव्हाही तिला दूध होतं. घरातल्या बायकांनी छातीला फडकं घट्ट बांधलं, आटेपर्यंत. तिच्या बाळाचं नाव कुणी परत काढलं नाही, पण ते फडकं बांधल्याचं तिच्या लक्षात आहे. यावेळी तिने ते स्वतःच्या हाताने बांधलं, इथे, शिंपिणीच्या खोलीत, मी दवाखान्यात असताना. हे ती रडून सांगत नव्हती. धाग्याची गाठ सोडवत सांगत होती.

मी म्हटलं, "आता विचारा."

तिने खोचलेली सुई काढली, परत खोचली. तिला वाटलं असेल, यातही काही डाव आहे. तिचं काय चुकलं? शेवटी म्हणाली, "घेऊ का ठकीला?"

"वर येऊन घ्या. माझ्यासमोर."

ती आली. हात धुतले, पलंगावर बसली. मी ठकीला उठवून तिच्या मांडीवर दिली. ठकी आता मोठी झालीय, बाटलीची सवय लागलीय, धरेल की नाही याचीच शंका होती. आधी तिने तोंड फिरवलं, कुरकुरली. मग एकदम आठवल्यासारखं धरलं. अक्काने डोळे मिटले. या वेळी तिची पाठ माझ्याकडे नव्हती.

मला वाटलं होतं, आता माझं मन मोठं झालंय, आता बघवेल. बघवलं नाही, ताई. छातीत तसंच काहीतरी पिळलं. तुझ्या रक्त तपासायच्या यंत्रात त्याला काय नाव असेल ते असो. एकदा वाटलं, उठून स्वयंपाकघरात जावं, भांडी वाजवावीत.

गेले नाही. अक्काच्या शेजारी बसले. ठकीने हात उगाच हवेत फिरवला, तिला तसं करायची सवय आहे, आणि माझं बोट सापडलं तेव्हा धरून ठेवलं. अक्का म्हणाली, "हात अवघडेल तुमचा." मी म्हटलं, "अवघडू दे."

तुझी,
चिंगी